बाळ नागपुरात काचेच्या पेटीत आणि आई आरमोरीला. तिला खरे सांगावे का, इकडे आणावे का?

खडू_फळा
सोमवार, रात्री ११.५०

नमस्कार. धंतोलीतील एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसून हे लिहीत आहे, त्यामुळे लिहिण्यात विस्कळीतपणा आला तर समजून घ्यावे.

मी गडचिरोली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. पत्नीचे हे पहिलेच बाळंतपण. सातवा महिना संपता संपता तिच्या पायांवर सूज आली, रक्तदाब १७०/११० पर्यंत चढला आणि तिसाव्या आठवड्यातच डॉक्टरांना सिझेरियन करावे लागले. मुलगी झाली, वजन १,१८० ग्रॅम. बाळाच्या फुप्फुसांना बळ यावे म्हणून आईला प्रसूतीपूर्वी जी इंजेक्शने देतात, त्यांपैकी पहिलेच देण्यापुरता वेळ मिळाला. जन्मल्यावर बाळ श्वास घेताना कण्हत होते, म्हणून त्याच रात्री तिला रुग्णवाहिकेतून नागपूरला हलवले. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड हा रस्ता मी आजवर किती वेळा केला असेल याची गणती नाही, पण त्या रात्री मी त्यावरचा प्रत्येक गतिरोधक मोजला.

आज नववा दिवस आहे. फुप्फुसांत सर्फॅक्टंट नावाचे औषध सोडले, तीन दिवस व्हेंटिलेटर लावला होता, आता सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर आहे. वजन १,०९० पर्यंत उतरले होते, आज १,११० भरले. डॉक्टर रोज सकाळी बोलतात, पण त्यांचे "स्थिर आहे" हे दोन शब्द मी दिवसभर चघळत बसतो आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा अर्थ दहा वेळा बदलतो.

खरी अडचण पुढे आहे. रक्तदाबामुळे पत्नीला कालपर्यंत गडचिरोलीलाच दाखल ठेवले होते. काल सुट्टी मिळाली आणि ती आरमोरीजवळच्या माहेरी गेली. तिला आम्ही एवढेच सांगितले आहे की बाळ थोडे अशक्त आहे, काचेत ठेवले आहे, दूध पिते आहे. व्हेंटिलेटरचे तिला ठाऊक नाही. ती फोटो मागते तेव्हा मी एकच पाठवतो, आणि त्यात फक्त बाळाची पावले येतील अशी काळजी घेतो, कारण चेहऱ्यावर नळ्या आणि पट्ट्याच आहेत.

आज डॉक्टरांनी विचारले, "आईचे दूध कुठे आहे?" बाळाला दर दोन तासांनी नळीतून एक मिलि दूध द्यायला सुरुवात करायची आहे. तिकडे चौथ्या दिवशी पत्नीची छाती भरून आली, ताप आला, तेव्हा सासूबाईंनी दूध आटावे म्हणून फडक्याने छाती घट्ट बांधली. बाळ जवळ नसताना दूध काढून ठेवायचे असते, हे आमच्यापैकी कुणालाच सुचले नाही.

तिला नागपूरला आणायचा विषय काढला तर माझी आई आणि सासूबाई, ज्यांचे लग्नाच्या याद्यांपासून आजवर कशावरही एकमत झाले नव्हते, त्या दोघी एका सुरात नाही म्हणतात. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा ओलांडू नये, टाके ओले आहेत, नवतपा, म्हणजे मे अखेरीचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, तोंडावर आला आहे आणि "तिला ते पाहवणार नाही" असे त्यांचे म्हणणे आहे. शेवटचे कारण मलाही पटते. मला स्वतःला पहिले दोन दिवस पाहवले नव्हते. बाळाची पाचवीही पुजता आली नाही याची आईला वेगळीच रुखरुख आहे.

तिला सगळे सांगावे का? सांगितले आणि त्या धक्क्याने रक्तदाब पुन्हा चढला तर? आणले आणि ती आल्यावरच बाळाचे काही बरेवाईट झाले तर? आणि नवव्या दिवसापर्यंत आटवलेले दूध परत येते का? ज्यांनी हे भोगले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

गोंदियाची_लेक
मंगळवार, पहाटे १२.३५

दादा, सहा वर्षांपूर्वी मी नेमकी तुमच्या पत्नीच्या जागी होते, म्हणून तुमची बाजू समजत असूनही तिच्या बाजूने लिहिणार आहे. माझा मुलगा २९ व्या आठवड्यात झाला, ९८० ग्रॅमचा. मी गोंदियाला आणि तो नागपुरात. मला सहा दिवस सांगण्यात आले की बाळाला कावीळ आहे आणि लाईटखाली ठेवले आहे. सांगणाऱ्या सगळ्यांचे मन चांगले होते, यात शंका नाही. पण बाळंतिणीच्या खोलीत माणसे शिरली की कुजबुज थांबते आणि फोन वाजला की प्रत्येक जण तो घेऊन अंगणात जातो, हे तिला दिसते. सहाव्या दिवसापर्यंत मी मनाशी पक्के धरून चालले होते की बाळ गेले आहे आणि माझे टाके सुकेपर्यंत हे लोक लपवत आहेत. व्हेंटिलेटर हा शब्द शेवटी कानावर पडला तेव्हा मला हायसे वाटले, यावर माझ्या नवऱ्याचा अजूनही विश्वास बसत नाही. व्हेंटिलेटरवर आहे, म्हणजे आहे. तुम्ही तिला ज्या धक्क्यापासून वाचवत आहात, त्याहून मोठा धक्का ती कदाचित मनात घेऊन बसली असेल.

आता दुधाचे. छातीचे फडके उद्या सकाळी नव्हे, आत्ता फोन करून सोडायला लावा. नवव्या दिवशी दूध आटले तरी ते कायमचे गेले असे होत नाही. मागणी सुरू झाली की शरीर पुन्हा बनवू लागते, फक्त चिकाटी लागते. मला सिस्टरांनी शिकवलेली रीत सांगते. हात साबणाने धुवायचे, कोमट पाण्यात पिळलेला कपडा छातीवर पाच मिनिटे ठेवायचा, हलक्या हाताने चोळायचे, मग अंगठा आणि बोटे काळ्या भागाच्या थोडी मागे ठेवून आधी बरगड्यांकडे दाबायचे आणि नंतर एकमेकांकडे. बोटे कातडीवर घासायची नाहीत. एका बाजूला पाच मिनिटे, मग दुसरी, पुन्हा पहिली. उकळून घेतलेली स्टीलची वाटी खाली धरायची. हे दर तीन तासांनी, दिवस-रात्र मिळून आठ वेळा, आणि रात्री दोन-तीनच्या सुमाराची वेळ चुकवायची नाही, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक असते. पहिल्या दिवशी वाटीचा तळ जेमतेम ओला झाला तर रडू नका म्हणावे. माझे पहिल्या दिवसाचे सगळे मिळून तीन मिलि होते आणि ते मी सिरिंजने टिपून घेतले होते.

तुमचे बाळ दोन तासांनी एक मिलि घेणार, म्हणजे दिवसाला बारा मिलि. हा आकडा तिला सांगा. "बाळासाठी दूध काढ" म्हटले की डोंगर वाटतो. बारा मिलि म्हणजे दोन-अडीच चमचे, ते डोळ्यांसमोर येते.

आरमोरीहून दूध पाठवायचा विचार करत असाल तर तो सोडून द्या. खोलीच्या तापमानाला काढलेले दूध चार तास चांगले राहते म्हणतात, पण मे महिन्यात आपल्याकडच्या खोलीचे तापमान हे त्या हिशेबातले तापमान नसते. दुधाने प्रवास करण्यापेक्षा आईने केलेला बरा.

निवृत्त_सिस्टर
मंगळवार, सकाळी ७.१०

खडू_फळा, मी नवजात शिशू विभागात एकतीस वर्षे काम केले. वरच्या ताईंनी दुधाविषयी जे लिहिले आहे त्यात दुरुस्ती करण्यासारखे काही नाही, फक्त हे दूध इतके का मागतात याचे कारण सांगते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडेही अपुरेच असते. त्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याचा एक आजार असतो, तो या बाळांचा मोठा शत्रू आहे, आणि आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांमध्ये तो कमी आढळतो. म्हणून तो एक मिलि पोट भरण्यासाठी नसतो, आतड्याला कामाची ओळख करून देण्यासाठी असतो. पोषण सध्या शिरेतून जातच असेल. तिचे दूध येईपर्यंत दुसऱ्या मातेचे निर्जंतुक केलेले दूध मिळू शकते का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मातृदुग्धपेढी ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात ती १९८९ मध्ये सुरू झाली.

आईला आणावे का, यावर माझे मत स्पष्ट आहे. कांगारू मदर केअर हे नाव तुम्ही ऐकले असेल: बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, तासन् तास धरून ठेवायचे. कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी ही रीत सुरू केली. पुष्कळ वर्षे समज असा होता की बाळ स्थिर झाल्यावरच हे करायचे. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला. भारतातले रुग्णालय दिल्लीचे सफदरजंग. १,००० ते १,७९९ ग्रॅम वजनाची बाळे, म्हणजे नेमकी तुमच्या मुलीसारखी. निम्म्या बाळांच्या आयांना अतिदक्षता विभागातच खाट देऊन जन्मापासून बाळ छातीशी ठेवले, बाकीच्यांना रीतीप्रमाणे स्थिर झाल्यावर. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण रीतीप्रमाणे सांभाळलेल्या गटात १५.७ टक्के होते, तर आईजवळच्या गटात १२ टक्के. म्हणजे चौथा हिस्सा मृत्यू कमी. औषध तेच, यंत्रे तीच, फरक एवढाच की आई तिथे होती. आमच्या काळी आम्ही आयांना दाराबाहेर उभे करत होतो, आणि ते आठवले की मला आजही बरे वाटत नाही.

सीपॅपवर असलेले बाळ छातीशी देतात का, हे त्या विभागाच्या पद्धतीवर आणि बाळाच्या प्रकृतीवर असते, पण विचारा जरूर. आई येईपर्यंत तुम्ही स्वतःही करू शकता. छातीवर केस असल्याने काही बिघडत नाही. हा प्रश्न प्रत्येक बाप लाजत लाजत विचारतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता पत्नीच्या प्रकृतीचे, आणि हे गांभीर्याने वाचा. गरोदरपणातला हा रक्तदाब प्रसूतीनंतर लगेच संपत नाही. पुढचे सहा आठवडे तो डोके वर काढू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे, आणि तिच्या गोळ्या एक वेळही चुकता कामा नयेत. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा काजवे, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, धाप लागणे, यांतले काहीही झाले तर, मग ती आरमोरीत असो वा नागपुरात, त्याच तासाला दवाखान्यात न्यायचे. टाक्यांना प्रवास चालतो. मागच्या सीटवर पोटाशी उशी धरून बसावे आणि तासाभराने उतरून चार पावले चालावे.

तिला विभागात नेण्यापूर्वी बाळाचा खरा फोटो दाखवा, पावलांचा नव्हे. कोणती नळी कशाची आहे ते बोट ठेवून सांगा: नाकातली श्वासाची, तोंडातली दुधाची, पायावरचा लाल दिवा ऑक्सिजन मोजणारा. मॉनिटरवरच्या आकड्यांकडे टक लावून बसू नये हेही सांगा. ऑक्सिजन चालू असलेल्या अशा बाळाचा आकडा सहसा ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवतात. घरची माणसे शंभर दिसले की खूश होतात, पण या बाळांच्या डोळ्यांना जास्त ऑक्सिजन मानवत नाही.

डोळ्यांवरून आठवले. जन्माचे वजन १,२०० ग्रॅमपेक्षा कमी आहे, तेव्हा पडद्याची तपासणी दोन ते तीन आठवड्यांत व्हायला हवी. कोणत्याही परिस्थितीत तिसावा दिवस ओलांडू देऊ नका. पुढे कानांची तपासणीही असते. घरी गेल्यावर "आता बरी आहे ना" म्हणून या तारखा चुकवणारी कुटुंबे मी पुष्कळ पाहिली आहेत. वजनाची घट मात्र मनाला लावून घेऊ नका. अशी बाळे आधी उतरतात आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतात. तुमची चढायला लागली आहे.

त्रिमूर्तीनगरची_मावशी
मंगळवार, सकाळी ९.४५

सगळे आणा म्हणत आहेत, तर मी थोडे वेगळे लिहिते. आणा, पण आणून कुठे ठेवणार याचे उत्तर आधी तयार ठेवा. माझी भाची अशीच धावतपळत आली आणि पहिले चार दिवस रुग्णालयाच्या जिन्याखाली चटईवर होती. पाचव्या दिवशी टाक्यांत पू झाला. बाळंतिणीला तळमजल्याची खोली, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय, कूलर आणि स्वयंपाकाला गॅस एवढे हवेच. धंतोली, रामदासपेठ भागात रुग्णांच्या नातेवाइकांना महिन्याने खोल्या देणारे असतात; रुग्णालयाच्या औषध दुकानात किंवा खालच्या चहावाल्याकडे विचारले तर जाहिरातीपेक्षा लवकर पत्ता लागतो. रुग्णालयापासून चालत पाच मिनिटांपेक्षा लांब घेऊ नका, कारण तिला दिवसातून सहा-सात खेपा घालाव्या लागतील आणि नवतप्यात भर दुपारी ऑटोत बसणे म्हणजे भट्टीत बसणे.

तिच्या आईला बरोबर आणा. माझ्या अनुभवात घरची मोठी बाई विरोध करते ती बहुधा अशामुळे की तिला या सगळ्यात काही कामच उरत नाही. त्यांना सांगा की शेपा, अळीव, डिंकाचे बघायला तुम्हीच हव्यात. पाचवीचे म्हणाल तर, आमच्याकडे भाचीच्या सासूने बाळ घरी आल्यावर पाचवी पुजली, तेव्हा ते बावन्न दिवसांचे होते. सटवाईने काही हरकत घेतली नाही.

हिशेबी_माणूस
मंगळवार, दुपारी १.२०

भावनेचे इतरांनी लिहिले आहे, मी कागदांचे लिहितो. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले तिथे होते, नागपुरात नव्हे, आणि ती २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. तेव्हा गडचिरोलीच्या रुग्णालयातून नोंद गेली आहे ना, हे कुणाला तरी पाठवून पाहून घ्या. जन्मदाखल्यावाचून पुढचा एकही अर्ज हलत नाही. तुम्ही जिल्हा परिषदेचे शिक्षक असाल तर वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मागता येईल, पण ती नंतर मिळते आणि मूळ देयकांवर मिळते. औषधांची प्रत्येक पावती आजपासून एका पिशवीत ठेवा, आणि नागपुरातल्या उन्हात शर्टाच्या खिशात ठेवलेली छापील पावती आठवड्याभरात कोरी होते, म्हणून तिची झेरॉक्स काढा.

रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारा. विमा संरक्षण आता कुटुंबामागे ५ लाख रुपयांचे आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवरही लाभ खुला केला आहे. तिथे जमले नाही तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या आजारांच्या यादीत नवजात शिशूंचे आजार आहेत. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. आणि पैसे अगदीच संपत आले तर संकोच न करता डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मेडिकल, मेयो, डागा आणि मिहानमधील एम्स, नागपुरातल्या या चारही शासकीय रुग्णालयांत नवजात विभाग आहेत, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात आजारी बालकावर एक वर्षापर्यंत मोफत उपचार होतात. मात्र हलवायचे की नाही आणि केव्हा, हे बाळाच्या प्रकृतीवर डॉक्टरांनीच ठरवायचे. बिलाच्या धसक्याने रात्रीतून बाळ उचलू नका.

वैनगंगा_काठ
मंगळवार, रात्री १०.०५

गुरुजी, लिहावे की नाही याचा दिवसभर विचार केला. आपल्याला घाबरवायचा हेतू नाही. आपली मुलगी चढणीला लागली आहे आणि आमची गोष्ट वेगळी होती. पण "तिला ते पाहवणार नाही" हे वाक्य आपण लिहिले आहे, आणि तेच वाक्य काही वर्षांपूर्वी आमच्या घरात मी उच्चारले होते.

आम्ही पवनीकडचे. नातू अपुऱ्या दिवसांचा झाला, नागपूरला ठेवला. सून घरी. मी आणि मुलगा आळीपाळीने जात होतो आणि तिला "सुधारतो आहे" सांगत होतो, आणि खरोखरच तो आठव्या दिवसापर्यंत सुधारतही होता. मग रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि बाराव्या दिवशी तो गेला. आम्ही त्याला घरी नेले. सुनेने त्याला आयुष्यात पाहिले ते तेवढेच, पांढऱ्या कपड्यात. ती रडली नाही. तिने मला एकच विचारले, "बाबा, डोळे उघडत होता का?" मी हो म्हणालो. मी त्याला उघड्या डोळ्यांनी एकदाही पाहिले नव्हते, कारण मी पेटीजवळ दोन मिनिटांहून जास्त थांबू शकत नव्हतो. आणि ज्याला थांबवत नव्हते, त्याने ठरवले होते की तिला पाहवणार नाही.

नंतर देवाच्या कृपेने दोन नाती झाल्या. सून माझ्याशी प्रेमाने वागते. पण हा प्रश्न ती पुन्हा कधी विचारील या भीतीने मी आजही तिच्याबरोबर एकटा बसत नाही.

खडू_फळा
शनिवार, रात्री ९.३०

सर्वांना उत्तर द्यायला उशीर झाला. मंगळवारी रात्री वैनगंगा_काठ यांचे लिहिणे वाचले आणि तसाच उठून गणेशपेठच्या स्थानकावर गेलो. धाकट्या भावाला बाळाजवळ बसवले होते. फोनवर सांगायचे नाही एवढे ठरवले होते. पहाटे सासुरवाडीला पोहोचलो तेव्हा पत्नी जागीच होती. वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये बाजूला राहिली. मी फोन काढून तिला सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाळाचा पूर्ण फोटो दाखवला आणि एकेका नळीवर बोट ठेवत गेलो. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "फक्त पायच का पाठवता, ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी वाट पाहत होते, तुम्ही कधी सांगता ते." छातीचे फडके तिने आदल्या रात्री, माझा फोन येण्याआधीच, स्वतः सोडले होते.

आरमोरीच्या डॉक्टरांनी बुधवारी तपासले. रक्तदाब १४०/९० होता. दूध पाजणार आहे हे सांगितल्यावर त्यांनी गोळ्या पाहून घेतल्या, त्याच चालू ठेवल्या आणि जायला परवानगी दिली. गुरुवारी पहाटे चारला गाडी काढली, उन्हे तापायच्या आत काँग्रेसनगरच्या खोलीवर होतो. सासूबाई बरोबर आहेत. त्या काल विभागात जाऊन आल्या, बाहेर येऊन अर्धा तास काही बोलल्या नाहीत, आणि मग सरळ बाजारात जाऊन दोन किलो डिंक घेऊन आल्या. तेवढ्याचे काय करायचे हे त्यांनाही ठाऊक नाही. माझी आई अजून माझ्याशी बोलत नाही, मात्र भावाजवळ तिने बाळाच्या टोपीसाठी लोकरीचा रंग विचारला.

दुधाचे सांगतो: गुरुवारी पूर्ण दिवसात दोन मिलि, शुक्रवारी सहा, आज आतापर्यंत अकरा. तोवर बाळाचा आहार दोन तासांना दोन मिलि झाला आहे, म्हणजे आम्ही अजून मागेच आहोत, उरलेले वरचे द्यावे लागते. आज दुपारी सिस्टरांनी सीपॅपसकट बाळ पत्नीच्या छातीवर पाऊण तास ठेवले. मी मॉनिटरकडे पाहत होतो. तिने एकदाही पाहिले नाही. त्यानंतर काढलेले दूध एका वेळचे सर्वाधिक होते, चार मिलि. वजन आज १,१६० आहे. डोळ्यांच्या तपासणीची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. जन्माची नोंद झालेली आहे, पावत्यांची पिशवीही सुरू केली.

आणखी एक बारीक प्रश्न आहे. रात्री तीनच्या वेळेला कोमट पाण्याचा कपडा लागतो, आणि घरमालक रात्री दहानंतर गॅस पेटवू देत नाहीत. ते वयस्कर आहेत, त्यांना दुखवायचे नाही. काय करावे?

गोंदियाची_लेक
शनिवार, रात्री ९.५०

झोपताना चांगल्या बंदिस्त थर्मासमध्ये उकळते पाणी भरून ठेवा, तीन वाजता त्यात साधे पाणी मिसळले की पुरते. वाटी आणि सिरिंज रात्री दहाच्या आतच उकळून स्वच्छ झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि आजचे सगळे मिळून किती झाले ते उद्या लिहा, मी वाट पाहते.